डब्यातली किल्ली

सप्टेंबरचा तिसरा आठवडा आमचा, मूत्रपिंडवाल्यांचा.
हृदयवाले वसंतातच येऊन गेलेले असतात,
फुप्फुसवाले त्यांच्या मागोमाग.
म्हणून टर्फकाडेवरची माणसं
दार उघडण्याआधी पडदा सारून बघतात,
आज कुठला अवयव आलाय.

डेल्फ्झाइलचा वारा तिरका, खारट.
गळ्यातलं ओळखपत्र गिरक्या घेतं,
फोटोतली मी कायम पाठमोरी.
डब्याला लाल सील. ते तोडायचं
फक्त आल्बर्ट्येनं, तिच्या स्वयंपाकघरात,
दोन साक्षीदारांसमोर.

"नाणी कोण ठेवतं हल्ली?" तेरा नंबरचा तरुण.
मी डब्यावरचा चौकोनी कोड पुढे करते.
त्याचा फोन वर चार्जिंगला असतो.
दरवर्षी. नेमका त्याच वेळी.
पंधरामधली लहानगी नाणं टाकून
डब्याला कान लावते:
"आत खरंखुरं मूत्रपिंड आहे?"

हार्मबद्दल मी दारात बोलत नाही.
आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास
त्याचं रक्त बाहेर फिरायला जाऊन यायचं.
पाणी मोजून. उन्हाळ्यात
बर्फाचा एक खडा जिभेवर धरून
तो अख्खी फुटबॉल मॅच काढायचा.
हे सांगितलं तर नोटा पडतील, माहीत आहे.
नाही सांगत.

सतरा नंबर म्हणजे खेस्ये.
उकडलेल्या अंड्याचा निळा कप खिडकीत,
त्यात वर्षभराची सुटी नाणी, माझ्या नावाची.
यंदा दार फोक्कोनं उघडलं.
मार्चनंतर पहिल्यांदाच बघत होते त्याला.
स्वेटरचं पहिलं बटण दुसऱ्या काजात.
काही न बोलता त्यानं कप उचलला
आणि फटीवर उपडा केला.

खळ्, खळ्, खळ् आणि मग एक वेगळाच आवाज.
बारीक, चपटा.

"तिच्या सायकलची किल्ली," तो म्हणाला,
"उद्या भाचीला द्यायची होती सायकल."

सील तोडता येत नाही, मी म्हटलं.
नियम म्हणजे नियम, तो म्हणाला,
आणि आतून खेस्येची विणायची सुई घेऊन आला.
मग आम्ही दोघं, मिळून एकशे चाळीस वर्षांची,
उंबऱ्यावर डबा उलटा धरून
सुईनं किल्ली उकरत बसलो.
एकोणीसमधली बाई कुत्र्याला घेऊन बाहेर आली,
आमच्याकडे बघितलं,
कुत्र्यासकट आत गेली.

शेवटी त्यानं शेडमधून सायकल काढली,
मागचं कुलूपबंद चाक एका हातानं उचललं
आणि निघाला माझ्यासोबत.
"तुझी घरं होऊ दे आधी," म्हणाला.
झालीच नाहीत ती नीट.
प्रत्येक दारात लोक माझ्या खांद्यावरून बघायचे:
अरे, फोक्को!
कुणी कॉफी विचारली, कुणी फक्त हवामान.
एकोणतीसमधला यान-विलेम
अर्धं वर्ष याला चुकवत आलेला,
पायजम्यातच बाहेर आला
आणि सायकलचं चाक धरून उभा राहिला,
जणू तेवढ्यासाठीच आलाय.
डब्यात नाणं टाकायचं
बरेच जण विसरले.
मीही आठवण केली नाही.

आल्बर्ट्येच्या टेबलावर, दिव्याखाली, सील तुटलं.
सत्त्याऐंशी युरो चाळीस,
पँटचं एक बटण,
एक किल्ली.
आल्बर्ट्ये शिस्तीची. तिन्ही ओळी लिहिल्या,
किल्लीपुढे "परत" असं लिहून फोक्कोची सही घेतली.

बाहेर त्यानं कुलूप उघडलं.
मागच्या टायरमध्ये हवाच नव्हती.
त्यानं टायर अंगठ्यानं दाबून बघितलं,
फळाचा पिकलेपणा बघावा तसं,
मग बसला नाही, ढकलतच निघाला.
कालव्याच्या वळणापर्यंत
रबराचा फद्फद् आवाज येत होता.

मला मग आठवलं:
तेवीस, पंचवीस, सत्तावीस.
ही तीन दारं गप्पांत राहूनच गेली.
डबा आता उघडा, सील केराच्या टोपलीत.
आल्बर्ट्ये खणात दुसरं सील शोधतेय,
पुटपुटतेय काहीतरी माझ्या नावानं.